दोन जाळ्यांतला फरक: जनुकांची संगत बदलली हे संख्याशास्त्र कसे ओळखते

इटलीच्या वायव्य भागातील पीडमॉन्ट प्रदेशात गायीबैलांची एक जात आहे. तिच्या मांड्या आणि पाठ पहिल्यांदा पाहणाऱ्याला कातडीखाली जादाचे स्नायू भरल्यासारखे वाटतात. त्याचे कारण १९९७ साली स्पष्ट झाले. मायोस्टॅटिन हे प्रथिन स्नायूंच्या वाढीला लगाम घालते. या पीडमॉन्टीज जातीत ते प्रथिन घडवणाऱ्या जनुकातले एक अक्षर बदललेले असते, त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सिस्टीनच्या जागी टायरोसीन हे अमिनो आम्ल बसते, प्रथिन निकामी होते आणि लगाम सुटतो.

आता असे समजू या की हे कारण आपल्याला ठाऊक नाही आणि हाती फक्त स्नायूंतील आरएनएची मोजमापे आहेत. तलाठ्याच्या दप्तरातली मूळ नोंद म्हणजे जनुक आणि कामापुरती काढलेली तिची नक्कल म्हणजे आरएनए, असे मानले तर नेहमीची रीत अगदी सरळ आहे. पीडमॉन्टीज जनावरांत प्रत्येक जनुकाच्या सरासरी किती नकला निघाल्या ते मोजायचे, दुसऱ्या एखाद्या जातीत किती निघाल्या ते मोजायचे, आणि ज्या जनुकांत फरक मोठा असेल त्यांच्याकडे संशयाने पाहायचे. मायोस्टॅटिनपाशी येऊन ही रीत हात टेकते, कारण येथे बिघाड नकलेच्या मजकुरात आहे, नकलांच्या संख्येत नाही. ऑस्ट्रेलियातील निकोलस हडसन, अँटोनियो रेव्हर्टर आणि ब्रायन डॅलरिम्पल यांनी २००९ साली पीडमॉन्टीज वंशाच्या जनावरांची तुलना कमी मांसल अशा वाग्यू वंशाच्या जनावरांशी केली, तेव्हा वाढीच्या दहा टप्प्यांपैकी एकाही टप्प्यावर मायोस्टॅटिनच्या नकलांत फरक आढळला नाही. तरीही त्यांच्या पद्धतीने नेमके मायोस्टॅटिनवरच बोट ठेवले, कारण त्यांनी प्रश्न बदलला होता. नियंत्रण करणाऱ्या जनुकांपैकी कोणाचे प्रमाण बदलले, हे त्यांनी विचारले नाही. ज्या जनुकांच्या भरपूर नकला निघतात आणि ज्यांत दोन जातींमध्ये सर्वाधिक फरक आहे, अशा जनुकांशी असलेली कोणाची संगत सर्वात जास्त बदलली, हे त्यांनी विचारले.

सरासरी बदलणे आणि संगत बदलणे या दोन वेगळ्या घटना आहेत. गटागटांतील जनुकजालांची तुलना करणाऱ्या सगळ्या संख्याशास्त्रीय पद्धती या एका भेदावर उभ्या आहेत. पद्धती अनेक आहेत, पण त्यांच्या वाटेतला खड्डा बहुतेक वेळा एकच असतो: जे जाळे आपण कागदावर काढतो ते प्रत्यक्ष पाहिलेले नसते, मोजक्या नमुन्यांवरून केलेला तो अंदाज असतो, आणि दोन अंदाजांत दिसणारा फरक हा दोन वस्तुस्थितींमधला फरक असेलच असे नाही. ही गोष्ट मनात घट्ट धरून ठेवली तर पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

जाळ्यात गाठी असतात आणि गाठींना जोडणारे धागे असतात. जनुकजालात प्रत्येक जनुक ही एक गाठ असते. धागा कोठे बांधायचा, हे ठरवण्याची सर्वात प्रचलित रीत म्हणजे सहसंबंध. तीस व्यक्तींच्या रक्ताचे नमुने घेतले आणि प्रत्येकात दोन जनुकांच्या नकला मोजल्या. ज्या व्यक्तीत पहिल्या जनुकाचे प्रमाण जास्त, त्याच व्यक्तीत दुसऱ्याचेही जास्त, असे सातत्याने दिसले तर सहसंबंध गुणांक १ च्या जवळ जातो. एक वाढताना दुसरे घटत असेल तर तो उणे १ च्या जवळ जातो. काहीच मेळ नसेल तर शून्याच्या आसपास राहतो. येथे लक्षात घ्यायचे ते असे की ही संगत एका व्यक्तीत दिसत नाही. ती अनेक व्यक्ती शेजारी ठेवल्यावरच दिसते, म्हणून प्रत्येक माणसाचे स्वतंत्र जाळे नसते आणि आपण काढतो ते जाळे गटाचे असते.

हा अंदाज किती ढिला असतो? तीस नमुन्यांवरून गुणांक ०.५ आला, तर ९५ टक्के विश्वासाने एवढेच म्हणता येते की खरा गुणांक ०.१७ ते ०.७३ यांच्या दरम्यान कोठेतरी आहे. म्हणजे जवळजवळ नगण्य संगतीपासून चांगल्या घट्ट संगतीपर्यंत काहीही. दोनशे नमुने असतील तर ही पट्टी ०.३९ ते ०.६० इतकी अरुंद होते. त्यातच तीस नमुन्यांपैकी एखादा नमुना साठवणीत खराब झाला असेल आणि त्यात दोन्ही जनुकांचे आकडे भलतेच चढलेले असतील, तर तो एकटाच नमुना नसलेली संगत निर्माण करू शकतो. म्हणून अनेक अभ्यासक प्रत्यक्ष आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमांकांवरून, म्हणजे कोणता नमुना कितव्या स्थानावर आहे यावरून, सहसंबंध काढतात.

आता त्या खड्ड्याकडे येऊ. रुग्णांच्या गटात तीस नमुने आणि निरोगी गटातही तीस. प्रत्येक गटाचे जाळे वेगळे काढायचे, ०.०५ या पी-मूल्याची (खरी संगत नसताना निव्वळ योगायोगाने एवढा आकडा दिसण्याच्या शक्यतेची) चाळण लावून भक्कम धागे ठेवायचे आणि उरलेले कापायचे, आणि मग दोन चित्रे शेजारी ठेवून कोणता धागा एकात आहे आणि दुसऱ्यात नाही हे पाहायचे, ही रीत इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यात काही चूक असेल अशी शंकाही येत नाही. एक जोडी जवळून पाहू. रुग्णांत तिचा गुणांक ०.४० आला आणि निरोगी गटात ०.३२. तीस नमुन्यांना चाळणीचे छिद्र साधारण ०.३६ वर असते. त्यामुळे रुग्णांच्या चित्रात हा धागा राहतो, निरोगी गटाच्या चित्रात तो गळतो, आणि अहवालात लिहिले जाते की रोगात या दोन जनुकांमध्ये नवी संगत निर्माण झाली. प्रत्यक्षात ०.४० आणि ०.३२ यांतल्या फरकाचीच थेट चाचणी घेतली तर पी-मूल्य सुमारे ०.७४ येते. म्हणजे दोन्ही गटांत संगत अगदी सारखी असती तरी एवढा किंवा याहून मोठा फरक चारपैकी सुमारे तीन वेळा निव्वळ योगायोगाने दिसला असता. एक गोष्ट सिद्ध झाली आणि दुसरी झाली नाही, यावरून त्या दोन गोष्टींतला फरक सिद्ध होत नाही. मला या विषयात एकच वाक्य सांगण्याची मुभा मिळाली, तर मी हेच सांगेन.

गट लहानमोठे असले की हीच चूक आणखी फसवी होते. शंभर नमुन्यांच्या गटात चाळणीचे छिद्र सुमारे ०.२० वर उतरते, तीस नमुन्यांच्या गटात ते ०.३६ वरच राहते. खरी संगत दोन्ही गटांत तंतोतंत सारखी असली तरी मोठ्या गटाचे जाळे दाट दिसणार आणि लहान गटाचे विरळ. रुग्णांचे नमुने जास्त आणि निरोगी व्यक्तींचे कमी, अशी परिस्थिती वैद्यकीय संशोधनात नेहमीची आहे. तेव्हा रोगात जाळे दाटते, असा निष्कर्ष वाचला की सर्वात आधी दोन्ही गटांची नमुनासंख्या पाहावी.

फरकाचीच थेट चाचणी घ्यायची जुनी आणि अजूनही उत्तम चालणारी वाट संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९१५ आणि १९२१ च्या आपल्या लेखांतून घालून दिली. अडचण अशी आहे की सहसंबंध गुणांक उणे १ आणि १ या दोन भिंतींमध्ये कोंडलेला असतो, आणि भिंतीजवळ त्याला हलायला जागा उरत नाही. ०.१० वरून ०.१५ वर जाणे आणि ०.९० वरून ०.९५ वर जाणे यांत अंतर सारखेच दिसते, पण दुसरी हालचाल कितीतरी मोठी आहे. फिशर यांच्या रूपांतराने ही पट्टी ताणली जाते, आणि ताणल्यावर दुसरे अंतर पहिल्याच्या सुमारे सातपट भरते. ताणलेल्या पट्टीवरची अनिश्चितता गुणांक केवढा आहे यावर जवळजवळ अवलंबून राहत नाही. ती ठरते फक्त नमुनासंख्येवरून: संख्येतून तीन वजा करायचे, त्याचे वर्गमूळ काढायचे आणि एकाला त्याने भागायचे.

हिशेब करून पाहू. रुग्णांत एका जोडीचा गुणांक ०.२० आहे, निरोगी गटात ०.८० आहे, आणि दोन्हीकडे तीस नमुने आहेत. रूपांतरानंतर हे आकडे सुमारे ०.२० आणि १.१० होतात, म्हणजे अंतर ०.९० चे. दोन्ही गटांची अनिश्चितता एकत्र केली की ०.२७ येते. अंतराला अनिश्चिततेने भागले की भागाकार ३.३ च्या आसपास येतो, आणि त्याचे पी-मूल्य सुमारे ०.००१ असते. एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात एक आहे. एकच जोडी तपासायची असती तर समाधानाने थांबता आले असते.

परंतु माणसात प्रथिने घडवणारी जनुके सुमारे २०,००० आहेत आणि त्यांच्या जोड्या होतात १९,९९,९०,०००, म्हणजे जवळजवळ २० कोटी. दोन गटांच्या जाळ्यांत तसूभरही फरक नसला तरी हजारात एक या हिशेबाने सुमारे २ लाख जोड्या वरच्यासारखा ठसठशीत फरक दाखवणार. ०.०५ ची सैल चाळण लावली तर हा आकडा १ कोटीवर जातो. या गर्दीवरचा सर्वात कडक उपाय म्हणजे ०.०५ ला जोड्यांच्या संख्येने भागून नवी चाळण बनवणे, म्हणजे ४०० कोटींत एक इतकी दुर्मीळ गोष्टच खरी मानणे. त्याची किंमतही तितकीच जबर आहे. दोन्ही गटांत तीस नमुने असताना एका गटात गुणांक ०.९० आणि दुसऱ्यात शून्य आला, तरी ती जोडी या चाळणीतून पार होत नाही. संगत इतकी पुरती मोडली तरी आपल्याला ती दिसणार नाही.

योआव बेंजामिनी आणि योसेफ हॉकबर्ग या इस्राएली संख्याशास्त्रज्ञांनी १९९५ साली मधला मार्ग सुचवला. एकही खोटी जोडी आत येता कामा नये, हा हट्ट त्यांनी सोडला आणि निवडलेल्या यादीत खोट्या जोड्यांचे प्रमाण सरासरी इतक्या टक्क्यांवर जाऊ नये, अशी अट घातली. जनुकशास्त्राला ही अट मानवली, कारण शंभर जोड्यांच्या यादीत पाच खोट्या असतील हे आधीच ठाऊक असले तर प्रयोगशाळेत त्या यादीवर काम करता येते. मात्र जाळ्याच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी लागते. ज्या जोड्यांत एक जनुक सामाईक आहे त्यांच्या चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. एका जनुकाचे मोजमाप बिघडले की त्या जनुकाच्या सगळ्याच, म्हणजे जवळजवळ वीस हजार, जोड्या एकदम बिघडतात.

दुसरा उपाय मला अधिक शहाणपणाचा वाटतो: प्रश्नच आटोपशीर ठेवायचा. रोगाशी संबंध असल्याचे आधीच्या संशोधनातून माहीत असलेली दोनशे जनुके घेतली तर २० कोटींऐवजी १९,९०० जोड्याच तपासाव्या लागतात. किंवा धाग्यांऐवजी गाठींकडे पाहायचे. एका जनुकाचे सगळे धागे मिळून त्याची जोडणी किती, आणि ती जोडणी दोन गटांत बदलली का, असे विचारले की वीस हजार चाचण्या पुरतात. रायन गिल, सोमनाथ दत्ता आणि सुष्मिता दत्ता यांनी २०१० साली मांडलेल्या चौकटीत हे प्रश्न असे पायऱ्यांनी येतात: एका जनुकाची जोडणी बदलली का, निवडलेल्या जनुकसमूहाची बदलली का, आणि संपूर्ण जाळ्याची समूहांतील विभागणीच बदलली का.

अशा एकत्रित प्रश्नांना फिशर यांच्यासारखे तयार सूत्र सहसा नसते. तेथे कामाला येते ती चिठ्ठ्यांची अदलाबदल. साठ नमुन्यांवरच्या रुग्ण आणि निरोगी अशा चिठ्ठ्या काढून घ्यायच्या, पिसायच्या आणि पुन्हा वाटेल तशा चिकटवायच्या. आता दोन्ही गटांत रुग्ण आणि निरोगी यांची सरमिसळ झालेली असते, म्हणून त्यांच्या जाळ्यांत जो फरक दिसेल तो निखळ योगायोगाचा. हे दहा हजार वेळा केले की योगायोगाने केवढा फरक पडू शकतो याची मोजपट्टीच हाती येते, आणि खऱ्या चिठ्ठ्या असताना आलेला फरक तिच्यावर कोठे बसतो ते पाहता येते. साठातून तीस निवडण्याचे मार्ग इतके आहेत की तो आकडा अठरा अंकी भरतो, त्यामुळे नमुनादाखल दहा हजार अदलाबदली घेणे भाग पडते. उलट दोन्ही गटांत चारचारच नमुने असतील तर खऱ्या अर्थाने वेगळ्या अशा ३५ च वाटण्या होतात. मग फरक कितीही प्रचंड असो, पी-मूल्य १/३५ च्या, म्हणजे सुमारे ०.०२९ च्या, खाली जाऊच शकत नाही.

या अदलाबदलीत एक बारीक अट आहे, आणि ती विसरली की सगळा खटाटोप वाया जातो. समजा दोन जनुकांची सरासरी रुग्णांत वाढलेली आहे, पण कोणत्याही गटात त्यांची आपसांत संगत नाही. चिठ्ठ्या पिसल्यावर प्रत्येक नव्या गटात काही चढलेले आणि काही उतरलेले नमुने एकत्र येतात आणि त्या दोन जनुकांमध्ये नसलेली संगत उगवते. मोजपट्टीच चुकीची बनते. म्हणून अदलाबदलीआधी प्रत्येक गटातून त्या गटाची सरासरी वजा करावी लागते आणि आकड्यांचा पसाराही एकसारखा करून घ्यावा लागतो, म्हणजे प्रश्न फक्त संगतीचा उरतो.

येथवर आपण संगत हा शब्द ढिलाईने वापरला. वारीच्या वाटेवरच्या एखाद्या दिंडीत दोन टाळकरी डोळ्यांसमोर आणा. त्यांचे टाळ एकाच क्षणी वाजतात. ते एकमेकांकडे पाहून वाजवतात, की दोघेही पखवाजाच्या ठेक्यावर वाजवतात? नुसता सहसंबंध या दोन शक्यतांत भेद करत नाही. दोघांमध्ये तो धागा बांधून मोकळा होतो. पखवाजाचा प्रभाव बाजूला काढल्यावर दोघांत काही मेळ उरतो का, हे आंशिक सहसंबंध सांगतो. दोन जनुकांचा एका नियंत्रक जनुकाशी गुणांक प्रत्येकी ०.८ असेल आणि त्या दोघांचा आपसांत ०.६४ असेल, तर नियंत्रकाचा वाटा काढल्यावर आंशिक सहसंबंध बरोबर शून्य येतो, कारण ०.८ गुणिले ०.८ म्हणजेच ०.६४. त्यांच्यातली सगळी संगत उसनी होती. आंशिक सहसंबंधावर उभारलेल्या जाळ्यात म्हणूनच धागे कमी असतात आणि त्यांतला प्रत्येक धागा अधिक अर्थपूर्ण असतो. दोन गटांची तुलना करताना तर हा भेद निर्णायक ठरतो, कारण एका पखवाजाने ठेका बदलला की त्याच्या मागच्या शेकडो टाळकऱ्यांच्या आपसांतल्या जोड्या बदलल्यासारख्या दिसतात, पण बदल झालेला असतो एकाच ठिकाणी.

मोजमाप केलेल्या सगळ्या जनुकांचा वाटा एकाच वेळी काढायचा असेल तर सहसंबंधांच्या मोठ्या चौकोनी तक्त्याचा व्यस्त, म्हणजे त्याला उलटवणारा तक्ता, काढावा लागतो. नमुने साठ आणि जनुके हजारो, अशा स्थितीत तो व्यस्त अस्तित्वातच नसतो. समीकरणांपेक्षा अज्ञात राशी जास्त असाव्यात तशी ही गत आहे. यातून वाट काढली ती ग्राफिकल लॅसो या पद्धतीने, जिचे आज सर्वत्र वापरले जाणारे रूप जेरोम फ्रीडमन, ट्रेव्हर हेस्टी आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी २००८ साली प्रसिद्ध केले. तिची कल्पना अशी की प्रत्येक धाग्यावर कर बसवायचा. जो धागा विदेतला, म्हणजे हाती असलेल्या आकड्यांतला, मेळ समजावून सांगण्यात कराहून अधिक भर घालतो तोच टिकतो, बाकीचे शून्यावर येतात. कर किती, हे मात्र अभ्यासकाला ठरवावे लागते, आणि जाळे किती दाट दिसणार हे बरेचसे त्यावरच ठरते.

दोन गटांसाठी ही पद्धत वेगवेगळी चालवली तर आपण पुन्हा त्याच जुन्या खड्ड्यात पडतो, दोन ढिले अंदाज काढून त्यांची वजाबाकी करतो. पॅट्रिक डॅनहर, पेई वांग आणि डॅनिएला विटन यांनी २०१४ साली दोन्ही जाळी एकत्रच काढण्याची पद्धत मांडली. तिच्यात दोन कर आहेत: एक धाग्याच्या अस्तित्वावर आणि दुसरा दोन गटांतल्या त्याच धाग्याच्या फरकावर. फरक दाखवायचा असेल तर विदेने त्याची किंमत मोजली पाहिजे, नाही तर दोन्ही गटांना तो धागा सारखाच मिळतो. यामागचा विचार जीवशास्त्राला धरून आहे. आजारी आणि निरोगी यकृत हे शेवटी यकृतच असते. बहुतेक धागे दोन्हीकडे सारखे असणार, हे धरून चालल्यामुळे दोन्ही गटांचे नमुने एकमेकांना आधार देतात आणि लहान गटाचा अंदाजही स्थिर होतो. त्याच वर्षी सिहाई डेव्ह झाओ, टोनी काय आणि होंगझे ली यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले: दोन्ही जाळी काढण्याची गरजच काय, त्यांतला फरक थेट काढावा. प्रत्येक जाळे दाट असले तरी चालेल, फरक विरळ असला की पुरे. ज्याला फरकच हवा आहे त्याच्यासाठी ही मागणी कितीतरी कमी कडक आहे.

सुटे धागे सोडून जनुकांच्या टोळ्या, म्हणजे आपसांत घट्ट जोडलेल्या जनुकांचे समूह, पाहणारी पद्धत तुलनेने सोपी आहे आणि म्हणूनच खूप वापरली जाते. बिन झांग आणि स्टीव्ह होर्वाथ यांनी २००५ साली मांडलेल्या भारित जाळ्यात धागा कापायचा की ठेवायचा हा प्रश्नच उरत नाही. गुणांकाचा उदाहरणार्थ सहावा घात करतात, त्यामुळे ०.९ चे ०.५३ होते आणि ०.५ चे जेमतेम ०.०१६. दुबळे धागे कापले न जाता आपोआप फिके पडतात. एका गटात सापडलेली टोळी दुसऱ्या गटात टिकून आहे का, हे तपासण्याची मापे पीटर लँगफेल्डर, होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दिली. त्यांत टोळीची घनता आणि अंतर्गत रचना यांची तुलना त्याच आकाराच्या यादृच्छिक जनुकसमूहांशी केली जाते. एकत्रित गुण १० च्या वर गेला तर टोळी भक्कमपणे टिकली असे धरतात, २ च्या खाली आला तर टिकल्याचा पुरावा नाही असे म्हणतात. माणूस आणि चिंपांझी यांच्या मेंदूंची जनुकजाले २००६ साली अशाच विचाराने शेजारी ठेवली गेली, तेव्हा मेंदूच्या आतल्या भागांतील टोळ्या दोघांत बऱ्याच सारख्या निघाल्या आणि प्रमस्तिष्काच्या बाह्यावरणातील जोडणी सर्वात कमी जुळली.

सर्व चाचण्या निर्दोष पार पडल्या आणि फरक पक्का ठरला, तरी एक मोठा प्रश्न उरतो, आणि तो संख्याशास्त्राच्या पुस्तकातून सुटत नाही. रक्ताचा नमुना म्हणजे एक पेशी नव्हे. त्यात न्यूट्रोफिल असतात, लिम्फोसाइट असतात, अशा वेगवेगळ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी असतात, आणि त्यांचे प्रमाण माणसागणिक वेगळे असते. ज्याच्या रक्तात लिम्फोसाइट जास्त, त्याच्या नमुन्यात लिम्फोसाइटमध्ये काम करणारी सगळीच जनुके जास्त दिसणार. ती एकमेकांशी घट्ट जोडलेली भासतात, पण त्यांच्यातला धागा हा पेशींच्या मोजदादीचा असतो, जनुकांच्या परस्परनियंत्रणाचा नव्हे. संसर्ग झालेल्या रुग्णांत पेशींचे हे प्रमाण अधिक हेलकावे खाते, म्हणून रुग्णांच्या जाळ्यात असे भासमान धागे अधिक घट्ट होतात. अल्झायमरने ग्रासलेल्या मेंदूत चेतापेशी मरतात आणि आधारपेशींचे प्रमाण वाढते, तेथेही हेच घडते. नमुने वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या रसायनसंचांनी तपासले असतील तर तोही एक अदृश्य पखवाज बनतो. पेशींचे प्रमाण आणि तपासणीची तुकडी यांचा वाटा आधी काढून टाकणे ही म्हणूनच जाळ्यांच्या तुलनेतली पहिली पायरी आहे, आणि निष्कर्ष टिकणार की नाही हे पुष्कळदा तेथेच ठरते.

एकेका पेशीतील आरएनए मोजण्याचे तंत्र आल्यापासून ही अडचण काही अंशी हटली, पण तिच्या जागी दुसरी आली. एका पेशीत अनेक जनुकांची नक्कल पकडलीच जात नाही आणि तक्ता शून्यांनी भरतो. त्याहून गंभीर गोष्ट नमुनासंख्येची आहे. सहा व्यक्तींकडून मिळालेल्या दहा हजार पेशी म्हणजे दहा हजार स्वतंत्र नमुने नव्हेत. एका व्यक्तीच्या पेशी एकमेकींसारख्या असतात, आणि रुग्णांची निरोगी व्यक्तींशी तुलना करायची असेल तर हाती असलेली संख्या सहाच आहे. सूत्रात दहा हजार घातले की अनिश्चितता नाहीशी झाल्यासारखी दिसते आणि क्षुल्लक फरकही ठणठणीत सिद्ध होतो.

पीडमॉन्टीजच्या अभ्यासातही एक मर्यादा होती. ती अभ्यासकांनी लपवलेली नाही: दोषी जनुक कोणते, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते आणि पद्धत ते शोधून काढते का, याची ती परीक्षा होती. जेथे उत्तर ठाऊक नसते तेथे काय करायचे, याचा नमुना अल्झायमरवरील २०१३ च्या एका मोठ्या कामात दिसतो. बिन झांग, एरिक शाट आणि सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंच्या १,६४७ ऊतीनमुन्यांवरून रुग्णांची आणि स्मृतिभ्रंश नसलेल्यांची जाळी काढली. हे नमुने मेंदूच्या तीन भागांतले होते, तेव्हा १,६४७ म्हणजे तितक्या व्यक्ती नव्हेत. त्यांनी प्रत्येक टोळीची सरासरी जोडणी रुग्णांत किती आणि इतरांत किती, याचे गुणोत्तर मोजले आणि जाळ्याचे काही ठरावीक भाग रोगात नव्याने रचले गेल्याचे दाखवले. क्रमवारीत सर्वात वर आली ती मेंदूतील रोगप्रतिकारक पेशींची, म्हणजे मायक्रोग्लियाची, टोळी. तिच्या नियंत्रकांत टायरोबीपी हे जनुक ठळक होते. मग त्यांनी उंदरांच्या मायक्रोग्लिया पेशींत हेच जनुक मुद्दाम वाढवले आणि कोणकोणती जनुके हलली ते मोजले. हललेल्या जनुकांची यादी आणि मानवी मेंदूच्या जाळ्यात टायरोबीपीला जोडलेल्या जनुकांची यादी शेजारी ठेवली, तेव्हा योगायोगाने जितकी जुळली असती त्याहून कितीतरी अधिक नावे दोन्ही याद्यांत सापडली.